ताळा पाहिल्यावांचून

गेल्या महिन्यांत ‘गणितविनोद’ ह्या सदरांत माझ्या हातून एक चूक झाली. ती छापखान्याची नव्हे. सर्वस्वीं माझी आहे. म्हणून ह्या खेपेस नेहमींच्या कोड्यांना रजा देऊन प्रथम वाचकांची क्षमा मागतों, आणि ज्या मुलीनें ती चूक दाखवून दिली तिच्या पत्राच्या उत्तराला हें सगळें सदर देतों.

मीं लिहिलें होतें तें असें : दोनला दोननेंच वारंवार गुणीत जावें आणि आलेल्या गुणाकारांतून एक वजा करावा. दोन जितक्या वेळां घेतला ती संख्या मूळ असली, म्हणजे उत्तरहि मूळच येतें. मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः ह्यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें जिला निःशेष भाग जात नाहीं ती; असा भाग जातो ती संयुक्त. उदाहरणें चार दिलीं होतीं. दोन दोन वेळां घेतला तर चार. उणा एक, तीन. तीन वेळां घेतला तर आठ; उणा एक, सात. पांच वेळां घेतला तर ३२. उणा एक, ३१. सात वेळां घेतला तर १२८. उणा एक, १२७. चारीहि उत्तरें मूळ आहेत. एवढ्यावर न थांबतां मीं मोठ्या थाटानें पुढें म्हटलें होतें कीं ह्या रीतीनें वाचकांनीं हव्या तेवढ्या मोठ्या मूळ संख्या घरच्याघरीं तयार कराव्या.

पंधरा दिवसांनीं एक पत्र आलें. लिहिणारी मुलगी इयत्ता नववींत शिकते. घर एकत्र; आजी-आजोबा, दोन काका, काकू, आत्या आणि मुलें मिळून चौदा माणसें एका स्वयंपाकाचीं. रविवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं आजोबा मासिकाचा अंक हातीं घेतात आणि हें सदर सर्वांना मोठ्यानें वाचून दाखवितात. त्या रविवारीं वाचन संपल्यावर तिनें माझाच नियम एक पाऊल पुढें नेला. सातानंतरची मूळ संख्या अकरा. अकरा वेळां दोन घेतला म्हणजे २०४८. उणा एक, २०४७.

“आजोबा, ह्याला तेविसांचा भाग जातो,” ती म्हणाली.

धाकटे काका म्हणाले, “अग, छापून आलें आहे. तपासल्यावांचून कोणी छापतें का? तुझाच हिशेब चुकला असेल.”

आजी वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “वाद कशाला? गुणून दाखव, आणि मग ताळा बघ.”

मुलीनें वाण्याच्या यादीच्या पाठीमागें २३ आणि ८९ ह्यांचा गुणाकार मांडला. उत्तर २०४७ आलें. मग आजींनींच लहानपणीं शिकविलेला नवांचा ताळा पाहिला. २३ चे अंक मिळून ५. ८९ चे अंक मिळून १७, म्हणजे ८. पांच आठे चाळीस, म्हणजे ४. इकडे २०४७ चे अंक मिळून १३, म्हणजे ४. ताळा जमला. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पत्र लिही. पण भाषा नीट असूं दे. ते वयानें मोठे आहेत.”

भाषा नीटच आहे. माझ्या लेखनापेक्षां हिशेबहि नीट आहे. परंतु पत्राच्या शेवटीं तिनें एक प्रश्न विचारला आहे, आणि त्यानें मला चुकीपेक्षां अधिक अस्वस्थ केलें. ती विचारते : २०४७ लहान म्हणून मला भागून पाहतां आलें आणि तुमची चूक सांपडली. पण एखादी संख्या इतकी मोठी असेल कीं जन्मभर भागाकार केले तरी संपणार नाहींत, तर तेथें मोठ्यांनीं सांगितलें तेंच खरें मानून चालायचें काय?

उत्तर देण्यापूर्वीं चूक कशी झाली तें सांगणें माझें कर्तव्य आहे. हा नियम मीं लहानपणीं एका वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकला. चार उदाहरणें तेव्हांच करून पाहिलीं, चारीहि जमलीं. पांचवें केलें नाहीं. पुढें पन्नास वर्षें तो नियम मीं खरा म्हणून मनांत बाळगला, मित्रांना सांगितला आणि अखेर छापला. पांचव्या उदाहरणाला दोन मिनिटें पुरलीं असतीं. २०४७ ही २३ आणि ८९ ह्यांचा गुणाकार आहे, ही गोष्ट युरोपांत हुडाल्रिकुस रेगियुस नांवाच्या गणितज्ञानें १५३६ सालींच छापून ठेविली होती. म्हणजे माझी चूक माझ्या जन्माच्याहि कित्येक शतकें आधीं दुरुस्त झालेली होती!

नियमांत खरा भाग आहे तो असा. दोन जितक्या वेळां घ्यावयाचा त्या संख्येला घातांक म्हणतात. घातांक संयुक्त असेल तर उत्तर निश्चितपणें संयुक्त येतें. उदाहरणार्थ, सहा वेळां दोन घेऊन एक वजा केला तर ६३, म्हणजे सात नवे. तेव्हां उत्तर मूळ यावयास घातांक मूळ असावाच लागतो. मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. मुलगा शाळेंत गेल्यावांचून उत्तीर्ण होत नाहीं हें जसें खरें, तसेंच शाळेंत जाणारा प्रत्येक मुलगा उत्तीर्ण होत नाहीं हेंहि खरें. मीं पहिल्या विधानावरून दुसरें गृहीत धरलें.

आतां मुलीच्या प्रश्नाकडे वळूं. त्यासाठीं एक मोठी संख्या पुढें ठेवणें अवश्य आहे. बुद्धिबळाच्या पटाची कथा सर्वांना ठाऊक आहे : खेळ शोधून काढणाऱ्या पंडितानें राजाकडे पहिल्या घरासाठीं गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यासाठीं दोन, तिसऱ्यासाठीं चार, असे प्रत्येक घरास दुप्पट दाणे मागितले. कोणत्याहि घरापर्यंतच्या दाण्यांची बेरीज केली तर ती आपल्याच जातीची संख्या असते. दोन घरांचे मिळून तीन दाणे, तीन घरांचे सात, पांच घरांचे ३१, सात घरांचे १२७, अकरा घरांचे २०४७. चौसष्ट घरांचे मिळून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे होतात, आणि राजाचीं कोठारें तेथेंच रितीं होतात.

ह्या पटाशेजारीं दुसरा पट मांडा. एकूण घरें १२८ झालीं. त्यांतील शेवटचें एक घर मोकळें सोडून एकशें सत्तावीस घरें ह्याच क्रमानें भरा. मग दाण्यांची बेरीज ही होते :

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

एकंदर एकोणचाळीस अंक. भास्कराचार्यांनीं लीलावतींत संख्यास्थानांचीं नांवें सांगितलीं आहेत. तीं अठराव्या स्थानीं परार्धापाशीं संपतात. परार्धाला परार्धानें गुणिलें आणि आलेल्या गुणाकाराची सतरा हजार पट केली, तरी ही संख्या कांहींशी अधिकच भरते. प्रश्न असा : ही संख्या मूळ आहे कीं संयुक्त?

ह्या प्रश्नाचें पहिलें उत्तर १६४४ सालीं छापलें गेलें. पॅरिस येथें मारें मर्सेन नांवाचा एक विद्वान संन्यासी राहत असे. सर्व युरोपांतील पंडितांशीं त्याचा पत्रव्यवहार होता, आणि एकाचा शोध दुसऱ्यास कळविण्याचें काम तो मोठ्या निष्ठेनें करी. त्यानें त्या वर्षीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें लिहिलें कीं घातांक २५७ पर्यंत घेतला तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ ह्या अकरा घातांकांनाच मूळ संख्या मिळते, इतरांना नाहीं. अशा संख्यांना आज त्याच्याच नांवानें मर्सेन-संख्या म्हणतात. यादींत १२७ आहे हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. पंधरा-वीस अंकांची संख्या मूळ आहे कीं नाहीं हें तपासावयास सारा काळहि पुरणार नाहीं, अशा अर्थाची कबुली त्यानें स्वतःच दिली होती. तरीहि एकोणचाळीस अंकांच्या संख्येविषयीं त्यानें निर्णय देऊन टाकला!

मर्सेनच्या शब्दाला युरोपांत मान होता. परंतु त्याचा ताळा कसा पाहावा? भागून पाहणें हा सरळ मार्ग. त्यांतहि श्रम वांचविण्याची एक युक्ति फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञानें १६४० सालीं सांगितली होती : घातांक विषम मूळ असेल तर अशा संख्येला भाग जाणारी कोणतीहि मूळ संख्या घातांकाच्या दुपटीच्या पटींत एक मिळविल्यानेंच मिळते. अकरासाठीं दुप्पट बावीस. बावीस अधिक एक तेवीस. म्हणजे २०४७ ला तीन, सात, तेरा ह्यांनीं भागून पाहण्याचें कारणच नव्हतें. पहिल्याच प्रयत्नांत तेवीस सांपडतो. पुढें ऑयलर ह्या थोर गणितज्ञानें ह्यांत आणखी एक चाळणी घातली : अशा भाजकाला आठांनीं भागलें तर बाकी एक किंवा सातच राहते. ह्या दोन चाळण्यांतून सुमारें पावणेचारशें संख्याच उरतात, आणि त्या बळावर त्यानें १७७२ सालीं घातांक ३१ ची संख्या २१४७४८३६४७ ही मूळ आहे असें सिद्ध केलें. मर्सेनच्या यादींतील आणखी एका नोंदीचा ताळा जमला.

पण १२७ पाशीं ही युक्ति लंगडी पडते. दोन्ही चाळण्या लावल्या, तरी जे भाजक तपासावयास उरतात ते दर सेकंदास एक ह्या वेगानें, झोंप व जेवण सोडून तपासले, तर सुमारें एक्याऐंशीं कोटि वर्षें लागतात. मुलीनें विचारलेली संख्या ती हीच : जन्मभर भागाकार केले तरी न संपणारी. मर्सेननंतर दोनशें बत्तीस वर्षें ती तशीच पडून होती. खरें म्हणणाऱ्यापाशीं पुरावा नव्हता, आणि खोटें म्हणणाऱ्यापाशींहि नव्हता.

ही कोंडी एद्वार ल्यूका ह्या फ्रेंच शिक्षकानें १८७६ सालीं फोडली. ल्यूकाला गणिताच्या खेळांचा मोठा नाद. तीन खुंट्यांवर चकत्या हलविण्याचा ‘हॅनॉयचा मनोरा’ हा खेळ त्यानेंच १८८३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतहि सगळ्या चकत्या हलविण्यास कमींत कमी ज्या खेपा लागतात त्या तीन चकत्यांना सात, पांच चकत्यांना ३१, अशा आपल्याच संख्या येतात. ल्यूकाच्या ध्यानांत आलेली गोष्ट अशी कीं, संख्येला भाग जातो कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं भाजक शोधीत बसण्याची गरज नाहीं. खुद्द त्या संख्येलाच अशी एक कसोटी लावतां येते कीं ती स्वतःच आपलें मूळपण किंवा संयुक्तपण सांगते. ह्या कसोटीला आजचें सुटसुटीत रूप अमेरिकन गणितज्ञ लेहमर ह्यांनीं १९३० सालीं दिलें. तें इतकें सोपें आहे कीं घरांतल्या कोणत्याहि मुलाला करतां यावें.

प्रथम ४ ही संख्या घ्यावी. तिचा वर्ग करून त्यांतून २ वजा करावे. उत्तर तपासावयाच्या संख्येहून मोठें झालें तर तिनें भागून फक्त बाकी ठेवावी. त्या बाकीचा पुन्हां वर्ग, पुन्हां उणे २, पुन्हां बाकी. असें घातांकाहून दोन कमी इतक्या वेळां करावें. शेवटीं बाकी शून्य राहिली तर संख्या मूळ. दुसरी कांहींहि राहिली तर संयुक्त. घातांक मात्र दोनहून मोठा आणि मूळ असावा.

करूनच पाहूं. संख्या १२७; घातांक सात; म्हणून पांच वेळां. ४ चा वर्ग १६, उणे २, १४. १४ चा वर्ग १९६, उणे २, १९४. त्यास १२७ नें भागून बाकी ६७. ६७ चा वर्ग ४४८९, उणे २, ४४८७, बाकी ४२. ४२ चा वर्ग १७६४, उणे २, १७६२, बाकी १११. १११ चा वर्ग १२३२१, उणे २, १२३१९. आणि १२७ गुणिले ९७ म्हणजे बरोबर १२३१९. बाकी शून्य. संख्या मूळ.

आतां माझ्या चुकीची संख्या २०४७. घातांक अकरा, म्हणून नऊ वेळां. बाक्या क्रमानें येतात त्या अशा : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटीं १७३६. शून्य नाहीं. संख्या संयुक्त. येथें एक चमत्कार ध्यानांत घ्यावा. ह्या साऱ्या हिशेबांत तेवीस कोठेंहि आला नाहीं, एकोणनव्वदहि आला नाहीं. संख्या फुटते एवढें निश्चित कळलें. कोठें फुटते तें कळलें नाहीं.

घातांक १२७ असेल तर वर्ग करण्याचें काम एकशें पंचवीस वेळां करावें लागतें. एकोणचाळीस अंकांच्या संख्येचा वर्ग आपल्या नेहमींच्या रीतीनें करावयाचा म्हणजे १५२१ लहान गुणाकार. शंभरावर पंचवीस वेळां मिळून सुमारें एक लाख नव्वद हजार. शिवाय भागाकार वेगळे. काम कंटाळवाणें खरें. पण तें एका माणसाच्या आयुष्यांत बसतें. एक्याऐंशीं कोटि वर्षें बसत नाहींत.

भागाकाराचें ओझेंहि ल्यूकानें हलकें केलें, आणि त्याची युक्ति आपल्या आजींच्या नवांच्या ताळ्याचीच बहीण आहे. नवांचा ताळा कां जमतो? दहाला नवांनीं भागलें तर बाकी एक राहते. म्हणून दहं, शतं, सहस्र ह्या स्थानांचे अंक उचलून एकं स्थानीं मिळविले तरी बाकी बदलत नाहीं. भागाकार न करतां केवळ बेरजेनें काम होतें. ल्यूकानें दहाऐवजीं दोनच्या पायावर संख्या लिहिल्या, म्हणजे अंक फक्त शून्य आणि एक. त्या लिपींत आपली संख्या म्हणजे ओळीनें एकशें सत्तावीस एक. आपल्या लिपींत ९९९ दिसतात तशी. मग एकशें सत्ताविसाव्या स्थानापलीकडे गेलेला अंक उचलून पुन्हां पहिल्यापासून मिळवावा, भागाकार संपला. एकशें सत्तावीस घरांच्या एकशें सत्तावीस ओळी असलेल्या पटावर सोंगट्या मांडून हा हिशेब कसा करावा, हेंहि त्यानें दाखविलें.

ल्यूकाच्या कसोटीनें निकाल दिला : संख्या मूळ आहे. पुढें पंचाहत्तर वर्षें, १९५१ पर्यंत, माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हीच होती. यंत्राच्या मदतीवांचून केवळ हातच्या हिशेबानें सिद्ध झालेली एवढी मोठी मूळ संख्या दुसरी नाहीं. आणि ल्यूकाच्या शब्दावरहि गणितज्ञ स्वस्थ बसले नाहींत. १९१४ सालीं दुसऱ्या एका फ्रेंच गणितज्ञानें स्वतंत्रपणें हिशेब करून तोच निकाल काढला.

म्हणजे मर्सेनचें म्हणणें खरें ठरलें. मग त्याला तें ठाऊक होतें असें म्हणावें काय? येथेंच खरी गोम आहे. त्याच यादींत १२७ च्या शेजारीं ६७ बसली आहे. दोन्ही एकाच ओळींत, एकाच निश्चयी स्वरांत लिहिलेल्या. पण ल्यूकानेंच १८७६ सालीं दाखविलें कीं घातांक ६७ ची संख्या संयुक्त आहे. भाजक त्यालाहि सांपडले नाहींत. ते १९०३ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेंत कोल नांवाच्या प्राध्यापकांनीं मांडले :

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ = १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

कोल फळ्यापाशीं गेले, एका बाजूस दोनचा सदुसष्टावा घात काढून एक वजा केला, दुसऱ्या बाजूस गुणाकार पूर्ण केला आणि एक शब्दहि न बोलतां जागेवर येऊन बसले, अशी आख्यायिका आहे. वाण्याच्या यादीच्या पाठीमागें झाला तोच हा प्रकार; फक्त अंक अधिक.

यादींतील २५७ हि पुढें संयुक्त निघाली. उलट ६१, ८९ आणि १०७ हे घातांक मूळ संख्या देणारे असूनहि यादींत नव्हते. ते अनुक्रमें १८८३, १९११ आणि १९१४ सालीं सांपडले. सगळ्या यादीचा ताळा पुरा व्हावयास १९४७ साल उजाडलें. एका छापील वाक्याच्या तपासणीला तीनशें तीन वर्षें लागलीं, आणि अखेर त्यांत पांच चुका निघाल्या.

आतां मुलीला उत्तर देतों. नाहीं, संख्या मोठी आहे एवढ्यावरून मोठ्यांचें सांगणें खरें मानावें असें नाहीं. जेथें आपला भागाकार पोंचत नाहीं तेथें दुसरी कसोटी शोधावी. ती सांपडेपर्यंत ‘अजून ठरलें नाहीं’ असें म्हणावें. त्यांत कमीपणा नाहीं. मर्सेनचें १२७ विषयींचें विधान खरें होतें, ६७ विषयींचें खोटें होतें, आणि तीं दोन्ही वाचून त्यांतील खरें कोणतें हें कोणालाहि सांगतां आलें नसतें. शब्दाच्या वजनावरून त्याचा खरेपणा कळत नाहीं; सांगणाराच्या वयावरूनहि नाहीं. माझेंच उदाहरण समोर आहे.

तथापि काकांचेंहि म्हणणें सर्वस्वीं टाकाऊ नाहीं, आणि तिनें तें तसें समजूं नये. विश्वासावांचून संसार चालत नाहीं, आणि विद्याहि चालत नाहीं. २०२४ सालीं अमेरिकेंतील ल्यूक ड्युरंट ह्यांना घातांक १३ कोटि ६२ लक्ष ७९ हजार ८४१ ची मर्सेन-संख्या मूळ असल्याचें आढळलें. तिला ४ कोटि १० लक्ष २४ हजार ३२० अंक आहेत. ती तुम्हांआम्हांला हातानें तपासतां येणार नाहीं. मग आपण ती कां मानतों? १९९६ पासून ज्या मंडळींनीं जगभरच्या संगणकांच्या मदतीनें अशा संख्यांचा शोध चालविला, त्यांनीं ती वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या आज्ञावलींनीं पुन्हां पुन्हां तपासली आणि मगच २१ ऑक्टोबर रोजीं जाहीर केली, म्हणून. त्या तपासणींत ल्यूका आणि लेहमर ह्यांची तीच चारापासून सुरू होणारी कसोटी होती. हाहि विश्वासच, पण तो ताळा पाहिलेल्यावरचा विश्वास आहे, आणि ज्याला शंका असेल त्याला ताळा पाहण्याची मोकळीक ठेवणारा आहे. आपल्या नैयायिकांनीं आप्त म्हणून ज्याचा शब्द प्रमाण मानला, तो वस्तु आहे तशी सांगणारा. ती तशी आहे हें ज्यानें पाहिलें नाहीं, तो कितीहि सज्जन असला तरी त्या विषयापुरता आप्त नव्हे. २०४७ विषयीं मी नव्हतों. ती मुलगी होती.

तिच्या आजोबांना मात्र माझा विशेष नमस्कार. मुलीची शंका ऐकून त्यांनीं अंक मिटला नाहीं, तिला कागद दिला. तीनशें वर्षांच्या ह्या कथेंत ज्या ज्या ठिकाणीं चूक दुरुस्त झाली, त्या त्या ठिकाणीं कोणीतरी तेवढेंच केलें आहे.

शेवटीं तिच्यासाठीं एक गंमत. दोनपासून निघा. दोनचा दुसरा घात उणा एक, तीन. आतां घातांक तीन घ्या : सात. घातांक सात : १२७. घातांक १२७ : आपली एकोणचाळीस अंकी संख्या. ही सांखळी कॅटलान ह्या गणितज्ञानें १८७६ सालींच दाखवून दिली. चारीहि उत्तरें मूळ आहेत. आतां ही एकोणचाळीस अंकी संख्याच घातांक म्हणून घेतली तर पांचवें उत्तर मूळ येईल काय? तें उत्तर कोणालाहि लिहून काढतां येणार नाहीं. त्यांत किती अंक आहेत हें सांगणारी संख्याच अडतीस अंकांची आहे. आजवर ह्या प्रश्नाचा निकाल कोणीहि लावलेला नाहीं.

चार वेळां जमलें, म्हणून पांचव्यांदा जमेलच, असें मीं एकदां छापलें होतें. आतां छापणार नाहीं.

ह्या महिन्याचें काम एवढेंच : घातांक तेरा, संख्या ८१९१. चारापासून आरंभ करून अकरा वेळां वर्ग करावा, आणि ती मूळ कीं संयुक्त तें कळवावें. फर्माच्या चाळणीनेंहि निराळा ताळा पाहावा. उत्तर मीं मुद्दाम दिलेलें नाहीं. पुढील महिन्यांत देईन तेव्हांहि तें माझ्या शब्दावर घेऊं नये.